चौकोनी लाट

१२ जानेवारी

आज स्वरूपला हो म्हणून टाकलं. हो म्हटलं ते म्हटलं.

स्वरूप खेडचा. तंत्रनिकेतनात माझ्या वर्गात होता, आता पुण्यात कार्यक्रमांच्या साउंडचं काम करतो. एक मार्चला पावस गावाजवळच्या एका आंब्याच्या बागेत तो इलेक्ट्रॉनिक संगीताची संध्याकाळ करतोय. वाजवणारे सगळे पुण्या-मुंबईचे, आणि एक मी. "लॅपटॉप आणायचा नाही, आधी रेकॉर्ड केलेलं काही लावायचं नाही. तुझी पेटी आण आणि वीस मिनिटं वाजव," म्हणाला.

पेटी म्हणजे भजनातली नव्हे. प्लायवूडच्या खोक्यात मी स्वतः जोडलेला सिंथेसायझर. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटचा. तो बंद पडला तेव्हा त्याचं बोर्ड मी फेकू दिलं नाही. त्याचा तो टुइंटुइं आवाज आता पेटीत आहे. जोडीला हाताने बनवलेले दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी दोन सर्किटं. नॉब फिरवून सूर वरखाली करायचे. ओलं बोट मधल्या उघड्या तारांवर टेकवलं की सगळं अडखळतं, तोतरं होतं, भलतीकडेच उडी मारतं. ते अडखळणं मला सगळ्यात आवडतं. ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं.

जेवताना घरी सांगितलं. आई म्हणाली, "आणि असला ऐकायला लोक येतील?" बाबा काहीच बोलले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. तर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "नाय, आज सुरमई नाय गावली."

विषय टाळायची ही त्यांची नवी तऱ्हा. सरळ 'नको' म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

१५ जानेवारी

पेटीत एका वेळी तीनच सूर निघतात. जुन्या गेममध्येही तसंच असायचं. म्हणून मग सूर इतके भराभर पळवायचे की कानाला ते एकदमच वाजल्यासारखे वाटावेत. आज ती पळापळ पहिल्यांदा जमली. चाल सगळी वरच्या पट्टीत ठेवली आहे, टिटवीसारखी. खाली नुसता एक जाड, घोगरा ठेका.

मी पेटी चालू केली की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. आज बातम्या रस्त्यापर्यंत ऐकू जात होत्या. शेजारच्या सावित्रीकाकू दारात येऊन आईला म्हणाल्या, "मैना, तुज्याकडं लगीन हाय काय गो?" आई हसली. मला हसू आलं नाही. मी पेटी बंद केल्यावरसुद्धा टीव्ही तेवढाच मोठा राहिला. म्हणजे राग किती मुरलाय बघा.

आईलाही हल्ली प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय लागली आहे. वय होतंय दोघांचं.

२० जानेवारी

बंदरावर हेतलताईंचं दुकान आहे, तिथे मी कामाला आहे. बोटींवरचे वायरलेस, जीपीएस, पाण्याखालचा मासा दाखवणारी यंत्रं, सगळं दुरुस्तीला आमच्याकडे येतं. हेतलताईंचे आजोबा गुजरातेतून इथे आले, पण ताई खवळल्या की अस्सल आमच्या मिऱ्या गावच्या वाटतात.

आज विठूशेठ त्यांच्या बोटीवरचा वायरलेस घेऊन आले. त्याच बोटीवर बाबा तांडेल आहेत, म्हणजे बोट त्यांच्या हातात असते. "किनाऱ्यावरनं हाका मारतो तर उत्तर नाय," विठूशेठ म्हणाले. "तुज्या बापाशीला विचारला तर म्हणतो सेट बरोबर नाय."

सेट उघडला. बघितला, पुसला, पुन्हा जोडला. ठणठणीत होता. घरी येऊन बाबांना विचारलं, नेमकं होतं काय?

"काय?"

"वायरलेसला काय होतं?"

"खरखर गो. नुसती खरखर. माणूस बोलतो ता कळतच नाय."

खरखर म्हणजे अँटेनाची वायर. समुद्रावर मीठ कशालाच सोडत नाही.

२४ जानेवारी

बोटीवर जाऊन नवी वायर टाकली. केरूकाका होते, बोटीवरचे बाबांच्या खालोखालचे. मग मी दुकानात जाऊन वायरलेसवर बोलले, ते त्यांना पुढच्या टोकाला उभं राहून स्पष्ट ऐकू आलं. बाबांना केबिनमध्ये, सेटला टेकून, नाही. केबिनखाली इंजिन धडधडत असतं. त्या धडधडीने सेटला मिळणारी वीज हलत असणार. ती गाळून घ्यायला पुन्हा बोटीवर जाऊन सेटमध्ये एक छोटं सर्किट बसवलं. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन परतले.

केरूकाका धक्क्यापर्यंत सोडायला आले. "वेदिका," म्हणाले, "सेट काय बिघडला नाय बघ..." तेवढ्यात बाबा मागून आले आणि काका जाळ्याकडे वळले. त्यांना काय सांगायचं होतं कोण जाणे.

२६ जानेवारी

केरूकाका संध्याकाळी घरी आले. बाबा आणि ते ओटीवर चांगले दोन चहा होईपर्यंत बोलत बसले. काकांचा आवाज म्हणजे ढोल. बाबा हसत होते, टाळ्या देत होते. काका गेल्यावर मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, एक मार्चला याल ना? बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि उठून गेले. मान उभी हलवली का आडवी, तेही धड कळलं नाही.

मित्राशी इतकं बोलतात. माझ्यासाठीच शब्द संपतात.

ठीक आहे. कुणी ऐको न ऐको, वीस मिनिटं तयार होणार.

३ फेब्रुवारी

लगेच लिहून ठेवते.

आज सकाळी धुकं होतं. बाबांची बोट बंदराकडे परतत होती. वाटेत एका छोट्या होडीने जाळं टाकलं होतं. होडीवाल्यांनी वायरलेसवर हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. बोट वळली नाही. केरूकाका पुढून धावत केबिनमध्ये गेले आणि बाबांच्या हातातून सुकाणू ओढलं. होडीला बोट घासून गेली, जाळं फाटलं. धक्क्यावर मासे विकणाऱ्या कमळाकाकूंचा मुलगा केतन होडीत उभा होता, तो पाण्यात पडला. त्याला काढलं. हात मोडलाय. जीव वाचला.

बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आई उशाशी बसून राहिली.

४ फेब्रुवारी

विठूशेठ सेट घेऊन दुकानात आले ते ओरडतच. "तुमच्या पोरीने दोनदा दुरुस्त केलेला सेट! तांडेल म्हणतो मेला होता. उद्या सगळी बोट बुडवाल."

हेतलताईंनी तो सेट माझ्या टेबलावरून उचलला आणि माझ्यापुढे मोबाईलचे चार्जर ठेवले. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबांना बोटीवरून उतरवलं आहे. बाबा स्वतः म्हणाले सेट मेला होता, आणि बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणजे चूक माझीच. मी बसवलेल्या त्या दीडशहाण्या सर्किटाने सेट बंद पडला असणार. केतनचा जीवही गेला असता.

स्वरूपला फोन करून नाही सांगावं असं दिवसभर वाटत होतं. केला नाही. एक गोष्ट बिघडली म्हणून दुसरी मोडायची, याला काही अर्थ नाही.

७ फेब्रुवारी

हेतलताईंकडून तो सेट सुट्टीच्या दिवशी मागून घेतला. "कशाला?" म्हणाल्या. "चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय मला दुसरं काही दुरुस्त करता येणार नाही," म्हटलं. त्यांनी दुकानाची किल्ली दिली.

दिवसभर त्याला छळलं. हलवला, तापवला, वीज कमी केली, जास्त केली, शेजारी डिझेलचा पंप लावला. माझं सर्किट काढून बघितलं, ठेवून बघितलं. एकदाही बंद पडला नाही. एकदाही.

मग?

१० फेब्रुवारी

आज दुपारी मी पेटी लावून बसले होते. बाबा समोरच खिडकीशी जाळ्याची गाठ मारत होते. बोट नाही म्हणून हात तरी चालू. मी वरच्या ऑसिलेटरचा नॉब फिरवत होते आणि ओलं बोट चुकून तारांवर पडलं. स्पीकरमधून अशी किंकाळी निघाली की आई स्वयंपाकघरातून कानावर हात धरून धावत आली. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

बाबांनी मान वर केली नाही. गाठ मारत राहिले. दचकले नाहीत, चिडले नाहीत. काहीच नाही.

मी नॉब उलटा फिरवत सूर खाली आणला. खाली, आणखी खाली. मग बाबा थांबले. खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "कुणाचा इंजिन गो हा?"

मी आईकडे बघितलं. आईने नजर चुकवली.

खरखर. सुरमई. टीव्ही. मी किती गाढव आहे.

११ फेब्रुवारी

काल आईला परसात गाठून विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मी त्यांच्या उजव्या अंगाला निजते गो. डाव्या अंगाला असले तर बोलल्याचा काय कळत नाय त्यांना. दोन वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातलान."

आज पेटी ओटीवर नेली आणि बाबांसमोर ठेवली. त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, सूर ऐकू आला की बोट वर करा, थांबला की खाली. मला वाटलं उठून जातील. गेले नाहीत. परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले.

खालच्या सुरांना बोट लगेच वर. पार तळाच्या घोगऱ्या सुरालाही. मग मी सूर चढवत नेला. मधल्या पट्टीच्या थोडं वर गेले आणि बोट हळूहळू खाली आलं. मी आवाज वाढवला. आई कान झाकून बसली. बाबा माझ्याकडे बघून विचारत होते, "चालू केलंस काय?"

चालूच होतं.

म्हणजे माझी चाल, ती टिटवी, पळापळ, सगळं त्यांच्या कानाच्या पलीकडे. इतके महिने मी समजत होते त्यांना माझं संगीत आवडत नाही. नावडायला तरी ऐकू यावं लागतं. वायरलेसवरचा चिरका आवाज तसाच. आणि माझाही आवाज तसाच.

त्यांनी पेटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "पूर्णगडच्या एका बोटीवर बोलावलानी हाय मला. सोमवारपासून."

"बाबा, नाही जायचं."

"कान गेले म्हणून समुद्र इसरलो काय मी?"

"समुद्र नाही विसरलात. पण केतन शिट्टी मारत होता. तुम्हाला ऐकू आली?"

एवढं मला बोलायचं नव्हतं. ते उठले, चपला घातल्या, आणि मिऱ्याच्या बंधाऱ्याकडे निघून गेले. अंधार पडायच्या आत आले. दारातूनच म्हणाले, "पूर्णगडाला नाय जात. पण तू बंदरावर कुणाला बोलायचा नाय. कुणाला म्हणजे कुणाला."

मी हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

हो म्हणताना हे लक्षात आलं नव्हतं. बाबांचे कान गेलेत हे सांगायचं नसेल, तर सेट मीच बिघडवला हेच सगळ्यांच्या डोक्यात राहणार. आज एका बोटमालकाने दुकानात येऊन मुद्दाम विचारलं, "हा कोण बघणार? ती नाय ना?" हेतलताई म्हणाल्या, "मी स्वतः बघीन." मी चार्जर जोडत होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता.

नाही उघडलं. शब्द दिलाय. चार्जर तर चार्जर. एकही परत येणार नाही असा जोडीन.

१७ फेब्रुवारी

आज बाबा स्वतःहून पेटीजवळ येऊन बसले. "ह्यात आवाज येतो कुठनं?"

कागदावर काढून दाखवलं. विजेची लाट असते, ती स्पीकरचा पडदा हलवते. साध्या सुराची लाट गोल, या जुन्या गेमच्या सुराची चौकोनी. वर जाते ती सरळ, मग सपाट, मग सरळ खाली.

बाबा कागदाकडे बघत हसले. "आख्खा जन्म पाण्यावर गेला. चौकोनी लाट काय मी बगितली नाय."

मग मी खालचा ठेका वाजवला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, मधे एक ठोका राहतोय. मी म्हटलं मुद्दाम गाळलाय. म्हणाले, "मग अजून एक गाळ. नायतर चुकल्यासारखा वाटतो." गाळून बघितला. खरंच बरं लागलं. तसाच ठेवला.

२० फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कागदावर आलेली रेघ अर्धी सपाट चालते आणि मग कडा कोसळावा तशी खाली जाते. इंजिनाजवळ वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचं असंच होतं, बाई म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. पण यंत्राने बरंच कळेल. कानाचं माप घेतलं.

परतताना बाबा रिक्षात म्हणाले, "बंदरावर लावून फिरायचा नाय हां ता." बघू म्हटलं. एका दिवशी एकच लढाई.

वरचे सूर खाली आणावेत का, म्हणजे बाबांना चाल ऐकू येईल, हा विचार दोन दिवस डोक्यात होता. करूनही बघितलं. चाल चिखलात रुतल्यासारखी झाली. नाही करणार. जी आहे ती तशीच वाजवणार.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी मी हेतलताईंबरोबर धक्क्यावर गेले होते, एका बोटीवर बॅटरी पोचवायला. लिलाव चालू होता. बांगड्याच्या टोपल्या, बायकांची ओरड, बर्फाचा खच. विठूशेठ उभे होते. कमळाकाकू टोपलीशी होत्या, आणि केतन हात गळ्यात बांधून नुसताच बघायला आला होता.

बाबा गर्दीतून आले. त्या दिवसानंतर ते धक्क्यावर फिरकले नव्हते, त्यामुळे लोक आपोआप बाजूला झाले. मागे केरूकाका होते, मान खाली. नंतर कळलं, बंदरावर पोरीला काय बोलतात ते काकांनीच त्यांना सकाळी सांगितलं होतं. बाबांना काही ठाऊकच नव्हतं. कुजबूज त्यांच्यापर्यंत पोचणार कशी?

बाबा विठूशेठपुढे उभे राहिले. एकट्यालाच सांगायचं असावं त्यांच्या मनात. पण बाबांना हळू बोलता येत नाही. आपण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळतच नाही. सगळ्या धक्क्याला ऐकू गेलं.

"विठूशेठ, तुमचा वायरलेस चांगला होता! माज्या पोरीने केलेला काम चोख होता! मीच बहिरा झालोय. दोन वर्षं झाली. बोट सुटंल म्हणून बोललो नाय. सेट मेला होता ता मी खोटा सांगितला."

लिलाव करणारा थांबला. बर्फ फोडणाऱ्यानेही हात थांबवला.

मग बाबा केतनकडे वळले. "बाबू, तुजी शिट्टी मला आली नाय. आली असती तर वळलो असतो." आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

केतन लाजून नुसतं "काका, काका" करत राहिला. कमळाकाकू पदराला हात पुसत पुढे आल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. म्हणाल्या, "रघूभाऊ, हे आदी बोलायला पायजे होतास. माजा एकच पोरगा हाय." एवढंच बोलल्या. त्या बोलण्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. बाबांनी तो त्यांच्या ओठांवरून वाचला आणि मान खाली घातली.

विठूशेठ म्हणाले, "रघू, तांडेल म्हणून नाय घेता येणार आता."

बाबांना ते कळलं नाही. केरूकाकांनी आपल्या ढोलाच्या आवाजात पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, "मागितला कुणी? केरूला द्या बोट. तिचा सगळा त्याला ठावा हाय."

मी बॅटरी हातात घेऊन उभी होते. जड होती, तरी खाली ठेवायचं सुचलं नाही. हेतलताईंनीच ती माझ्याकडून घेतली.

दुकानात परत आल्यावर त्या थेट माझ्या टेबलापाशी गेल्या आणि चार्जरचा खोका उचलला. "तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"अकरा तारखेपासून."

"आणि गप्प बसलीस?"

"त्यांना शब्द दिला होता."

त्यांनी कपाळाला हात लावला. "बाप तसा, लेक तशी. मला तरी सांगायचंस गो भवाने!" मग दोन वायरलेस आणि एक जीपीएस माझ्यापुढे आणून आदळले.

२५ फेब्रुवारी

बाबा अख्खा दिवस झोपले. आई म्हणते, दोन वर्षांत इतके शांत निजले नव्हते.

२७ फेब्रुवारी

यंत्र आलं. बाईंनी कानात बसवलं आणि बाबांनी खुर्ची घट्ट धरली. "पंखा एवढा वाजतो?" म्हणाले. रस्त्यावर आल्यावर रिक्षांना, कावळ्यांना, माझ्या पिशवीतल्या प्लास्टिकलासुद्धा दचकत होते. घरी आल्यावर आईने ओट्याकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात विचारलं, "चाय घेणार?" आणि बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाले, "घेतो." आई वळली नाही. ओट्यापाशी तशीच उभी राहिली, पातेलं हातात धरून.

पेटी लावू का, मी विचारलं. "आज नको. परवा एकदम तितंच ऐकतो."

२ मार्च

काल झालं.

बाग सुरेख होती. मोहोराचा वास, झाडांना टांगलेले दिवे, पलीकडे खाडी. पुण्या-मुंबईच्या लोकांची यंत्रं चकचकीत, विकतची. माझ्या पेटीच्या प्लायवूडवर एका कोपऱ्यात अजून सुतारकामाची पेन्सिल दिसते. स्वरूपने साउंड तपासताना अंगठा वर केला. आई, बाबा, केरूकाका मधल्या रांगेत. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता आणि कानातलं यंत्र लपवायला डोक्याला काही गुंडाळलं नव्हतं.

माझी पाळी आली तोपर्यंत दव पडायला लागलं होतं. तिथेच घात झाला. दमट हवेत माझे ऑसिलेटर घसरतात, हे मला माहीत आहे. पण इतके घसरतील असं वाटलं नव्हतं. पहिली पाच मिनिटं चाल बरोबर चालली. मग वरचा सूर उतरायला लागला. नॉबने चढवला, पुन्हा उतरला. खालचा ठेका एका पट्टीत, वरची टिटवी दुसऱ्याच. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीकडे बघितलं.

थांबून 'क्षमा करा' म्हणावं आणि पुन्हा सूर लावून घ्यावेत, असं एकदा वाटलं. थांबले नाही. सूर कुठे राहत नाहीये ते कळलं होतं, तर कुठे जातोय ते बघायचं ठरवलं. त्याला चढवायचं सोडून दिलं आणि ठेकाच त्याच्यामागे खाली नेला. दोन्ही घसरत घसरत एका जागी भेटले, तिथे बोट ओलं करून तारांवर ठेवलं. सगळं तुटून तोतरं झालं. त्या तोतऱ्यातून मी पळापळ पुन्हा काढली, आधीपेक्षा दुप्पट वेगाने, या नव्याच पट्टीत. ती पट्टी मी कधी वाजवली नव्हती. पुन्हा वाजवता येईल असंही नाही. वीस मिनिटांच्या जागी किती वाजवलं ते स्वरूपला ठाऊक. त्याने मधे थांबवलं नाही.

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या असं नाही. दोन-तीन जण आधीच उठून खाण्याकडे गेले होते. पण मुंबईहून आलेल्या एका वाजवणाऱ्याने पेटीपाशी येऊन वाकून बघितलं आणि विचारलं, ते मधलं सगळं उतरवत नेणं कसं बसवलं होतंस? "बसवलं नव्हतं. बिघडलं होतं," मी म्हटलं. तो हसला आणि तिथेच खाली बसून आतल्या तारा बघायला लागला.

बाबा बागेच्या फाटकाशी उभे होते. चेहरा आंबट कैरी चावल्यासारखा.

"काय वाटलं?" मी विचारलं. साध्या आवाजात, तोंड समोर न नेता.

"खालचा चांगला होता," ते म्हणाले. "वरचा लय चिरका गो. नुसता कानात घुसतो. माणसं ह्यासाठी गाडी करून येतात?"

"मग यंत्र काढून ठेवायचंत."

"हात गेला होता दोनदा."

"मग?"

"काढला नाय. तू वाजवत होतीस ना."

केरूकाकांनी पेटी एका बाजूने उचलली, बाबांनी दुसऱ्या. दोघेही गाडीपर्यंत मला हात लावू देईनात.